माझी खरखर

मी शॉर्टवेव्ह रेडिओ बोलतोय, शारजातून. अल मजाजमधल्या एका उंच इमारतीच्या बाल्कनीत माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. जन्मखूण म्हणाल तर ही खरखर. पहिल्या मालकांना तिचा वैताग आला आणि त्यांनी मला औद्योगिक भागातल्या खैरुद्दीनच्या दुरुस्तीच्या दुकानात टाकून दिलं. तिथे जुन्या मिक्सरांशेजारी मी धूळ खात पडलो होतो. वसईच्या जेरार्डला अशा वस्तूंचा भारी नाद. त्याने मला कानाशी धरलं आणि म्हणाला, "अरे, जिवंत आहे हा!" तेव्हापासून मी त्याचा झालो.

सध्या दूरच्या एका युद्धात पकडलेल्या लोकांचे निरोप तिकडचं रेडिओ केंद्र संध्याकाळी ऐकवतं. कैदी नाव, गाव आणि घरचा फोन नंबर सांगतो, दोन वाक्यं बोलतो. बोलायचं इंग्रजीतच, अशी तिथली सक्ती. जेरार्ड आणि वरच्या मजल्यावरची मुग्धा ते रेकॉर्ड करून घरच्यांना कळवतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. माणसं मला आवडतात ती अशा वेळी.

एकदा दापोलीचा सुयश बोलला, मालवाहू जहाजावरचा. "आय ॲम फाइन. डोन्ट वरी." मुग्धाने लॅपटॉपवर माझी खरखर आणि मधलं सगळं फालतू पार काढून टाकलं, आवाज लख्ख केला आणि त्याच्या आईला पाठवला. मला राग आला, पण माझं ऐकतो कोण!

आईंना फोन लावला तर त्या कडाडल्या, "फसवता होय? आवाजाची नक्कल हल्ली मशीनसुद्धा करतं. कैदेतून इतका स्वच्छ आवाज येतो? आणि माझा सुयश माझ्याशी इंग्रजीत बोलेल? जहाज जळालं म्हणतात. रविवारी त्याचे दिवस घालायचं ठरलंय. आता तरी छळू नका!"

"खलास," मुग्धा रडवेली झाली. "जिवंत मुलाचे दिवस घालणार त्या."

"ओरिजिनल पाठव. आलं तसंच."

"जेरार्ड, त्यात नुसता नॉइज आहे. मध्येच शिंकतोय तो."

"शिंकू दे. यल्ला, चल, पाठव."

थोड्या वेळाने आईंचाच फोन आला. पलीकडे तेच रेकॉर्डिंग चालू होतं. माझी खरखर, मग शिंक, पुन्हा शिंक, आणि जराशी अडून तिसरी.

"शतायुषी हो!" त्या माउलीच्या तोंडून आपसूक निघालं. मग त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"तिसरी अशीच अडते त्याची," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. नाही घालत मी दिवस. कोण काय म्हणेल ते म्हणो."

जेरार्डने डोळे पुसले. खोटं कशाला सांगू, माझाही आवाज घोगरा झाला.

सुयश अजून सुटलेला नाही. "सुटेल, इन्शाल्ला," जेरार्ड रोज म्हणतो आणि मला बाल्कनीत ठेवतो. माझी बटणं सैल झालीत, एरियल तारेने बांधलीय. किती टिकेन, ठाऊक नाही. तुमच्या माळ्यावर माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला खाली काढा. खरखरला म्हणून लगेच त्याचा कान पिळू नका. जरा थांबा, त्या खरखरीत कुणाचं तरी लेकरू असेल.