हो म्हणत सुटलेला देव

तीन डोंगरांचे राजे या देवाच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. लाय गुरुजींच्या कौलाने गावाला वेड लावलं होतं. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे फेकायचे. एकाची सपाट बाजू वर, दुसऱ्याची फुगीर बाजू वर आली की देव हो म्हणाला. गुरुजींनी आपली सिद्ध जोडी आणली आणि देव जो हो म्हणत सुटला, तो थांबेचना. यंदा माझं डुक्कर वजनाच्या स्पर्धेत पहिलं येईल? हो. शेजाऱ्याचं? तेही हो. लोक नाचायचेच बाकी होते.

शाळेत गणित शिकवणाऱ्या लान्मेईला मात्र हा कौल महागात पडत होता. मधुमेहाला धुपाच्या राखेचं पाणी पुरे का, असं तिच्या आईने विचारलं, देव हो म्हणाला आणि म्हातारीने इन्सुलिन सोडलं. पायाची जखम चिघळत होती, अन् म्हातारी खुशाल गोड गोळे चापत होती.

दोन्ही सपाट बाजू वर आल्या की देव हसला म्हणतात. इथला देव तर ऊठसूट हसणारा. पण गुरुजी आल्यापासून तो एकदाही हसला नव्हता. इथेच पाणी मुरतंय, हे लान्मेईने ओळखलं. तिने पुढे होऊन तुकडे उचलले.

"राजे, माझी आई पुरुष आहे का?"

हो.

"गुरुजी डुक्कर आहेत का?"

हो.

"मग स्पर्धेत उतरवू त्यांना?"

हो. गर्दी हसून लोळायला लागली.

"देवाची थट्टा करतेस?" गुरुजी कडाडले.

"मी कुठे? उत्तरं राजेच देतायत."

तिने तुकडे पाण्याच्या बादलीत टाकले. लाकूड तरंगायला हवं. हे थेट तळाला गेले. गर्दीतल्या एका सुताराने ते फोडले. एकाच्या फुगीर बाजूत शिसं, दुसऱ्याच्या सपाट बाजूत शिसं. जड बाजू खाली जाणार, म्हणजे दरवेळी हो ठरलेलंच. गुरुजींनी तोवर स्कूटरला किक मारली होती, आणि त्यांचं वजन करायला लोक मागे धावत होते.

आई मात्र हिरमुसली. "म्हणजे राजे माझ्याशी बोललेच नाहीत?"

लान्मेई तिच्याशेजारी टेकली. "नाही गं आई. शिसं बोललं. देवाला मनातलं सगळं सांग, पण साखर किती ते रक्त तपासूनच कळतं. आणि जो कधीच नाही म्हणत नाही, त्याचं काही ऐकू नकोस."

म्हातारीने बाही वर सारली.

"टोच ते इन्सुलिन. आणि गाडी काढ, डॉक्टरला पाय दाखवू."