उपाशीपोटी जायचं होतं

लेकीला, प्रेरणाला, चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागणार म्हणून आवडाबाई आदल्या दिवशीच पिशोरहून तिच्या खोलीवर येऊन धडकली होती. नोकरीचं सगळं ठरलं होतं. राहिली होती ती फक्त रक्ताची तपासणी, आणि ती उपाशीपोटी करायची होती. मग काय, सकाळपासून आवडाबाईनं पहाराच धरला. चहाचं पातेलं लपवलं. शेजारची फहमिदा पोह्यांची ताटली घेऊन आली, तर तिला दारातूनच पिटाळलं.

"आज पोरीच्या पोटात पाण्याशिवाय काय बी जायचं नाय!"

आवडाबाईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. घरात महिन्याचा पगार आणणारी ही पहिलीच. प्रेरणानं देवाला हात जोडले, चपला घातल्या. तेवढ्यात आवडाबाई लगबगीनं आत गेली आणि तिनं लेकीच्या तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवली. प्रेरणानंही ती तोंडात टाकली. शाळेच्या पहिल्या परीक्षेपासून हेच चालत आलेलं. गिळल्यावर दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"आई!"

"अगं बाई, काय करून बसले मी!" आवडाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

रिक्षात ती लेकीच्या कानाशी लागली. "सांगूच नको. चमचाभर तर व्हतं."

लॅबमधल्या माणसानं विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय का?" आवडाबाईनं जीव मुठीत धरला.

"दही-साखर," प्रेरणा म्हणाली. "आईनं दिली."

तो हसला. "मग उद्या या. पण नक्की या, उद्या शेवटचाच दिवस आहे."

आवडाबाईला रडू फुटलं. स्वतःचा राग आला, आणि पोरगी खोटं बोलली नाही याचा अभिमानही वाटला.

दुसऱ्या दिवशी तिचा स्वतःच्या हातांवर भरवसा उरला नव्हता. लेक आंघोळीला गेली तशी ती बाहेर पडली आणि रस्त्यावर रिक्षा अडवून उभी राहिली. तिथूनच ओरडली, "निघ लवकर! मी काय घरात येत नाय!"

लॅबमध्ये सुई टोचली, नळीत रक्त चढू लागलं, तशी आवडाबाई ताडकन उठली. "लागली! माझ्या पोरीला नोकरी लागली!"

सगळी रांग वळून बघायला लागली.

"मावशी, रिपोर्ट तर येऊ द्या," लॅबवाला म्हणाला.

"येऊ द्या की! माझंच रगत हाय तिच्यात," आवडाबाई म्हणाली. "त्यात काय खोट निघतीय!"