लाल झाकण

घरात तिला सगळे ठकी म्हणत. कॉलेजच्या सुट्टीत एका संस्थेतर्फे तीन महिने परदेशी जाऊन बायकांना इंग्रजी शिकवायचं ठरलं, तेव्हा तिने साऱ्या मैत्रिणींना आधी सांगितलं आणि ताईला सगळ्यात शेवटी. ताई बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा दहावीची परीक्षा सोडून ती ओट्यापाशी उभी राहिली, ती कायमचीच. ठकीचा हात धरून पहिली अक्षरं गिरवून घेतली तीही तिनेच. पण ठकीच्या लेखी ताई म्हणजे पसारा केला की ओरडणारं माणूस. "जा, पण दुखणं अंगावर काढू नकोस," एवढंच ताई म्हणाली आणि तिचे कपडे घडी करायला बसली.

वर्ग एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर भरे. वर पत्रा, खाली बारा खुर्च्या. पहिल्या खुर्चीवर लाँड्रीत काम करणारी एक पन्नाशीची बाई बसे. साबणाच्या पाण्याने तिची बोटं पांढरी पडली होती. ठकी मनातल्या मनात तिला मावशी म्हणे. सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर जायची. पण शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. 'बी' आणि 'डी'ची पोटं रोज उलटीसुलटी.

पाचव्या आठवड्यात ठकीचा तोल गेला. "किती वेळा तेच ते? तुम्हाला नाही जमायचं हे. उगाच कशाला येता?"

संस्थेच्या व्यवस्थापक बाई दुभाष्याचं काम करत. त्यांनी हे भाषांतर केलंच नाही. पण सूर कळायला भाषा कशाला लागते? मावशीने वही मिटली, आणि पुढचे तीन दिवस ती आली नाही.

चौथ्या दिवशी ठकी व्यवस्थापक बाईंना घेऊन मावशीच्या खोलीवर गेली. लाँड्रीच्या मागे एकच खोली, ओल्या चादरींचा वास. मावशीने दोघींना खाटेवर बसवलं आणि फळीवरच्या दोन बाटल्या पुढ्यात ठेवल्या. दोन्ही तपकिरी, सारख्याच उंचीच्या. मग ती बोलत गेली आणि बाई थांबत थांबत सांगत गेल्या.

"खोकल्याच्या औषधाचं झाकण लाल, सांध्यांना चोळायच्या औषधाचं पांढरं, एवढंच मला ठाऊक. त्या खेपेला दोन्हीची झाकणं लाल आली. नातीला खोकला होता. मी दोन चमचे पाजले. तोंड वाकडं करत होती, तरी पाजले. सहा वर्षांची होती. दुपारपर्यंत संपलं सगळं." तिने एका बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. "बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं म्हणे."

 ठकीने मावशीचे हात धरले आणि मराठीतच म्हणाली, "माझं चुकलं हो."

तिथून परतल्यावर तिने ताईला फोन लावला.

"ताई, मला वाचायला तू शिकवलंस."

"बरं, मग?"

"मी कधी म्हणाले नाही तुला तसं."

"तुला ताप आलाय का? आवाज का असा?"

ठकीला रडू आवरेना. ताईने फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "झालं रडून? आता तोंड धू आणि काहीतरी खा."

दुसऱ्या दिवसापासून वर्गात पुस्तकातले धडे बंद झाले. बायका घरातली औषधं पिशवीतून आणू लागल्या आणि त्यांच्यावरची अक्षरं लावू लागल्या. मावशीही परत आली. निघायच्या आदल्या दिवशी तिने बोट ठेवत ठेवत बाटलीवरची एक आख्खी ओळ वाचली. फक्त बाहेरून लावण्यासाठी, असं तिथे लिहिलं होतं. वाचून झाल्यावर ती पदराशी चाळा करावा तशी वहीचा कोपरा दुमडत बसून राहिली. आनंद तिच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडला नाही. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

घरी आल्यावर ताईला बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून ठकीने अर्ज आणला. ताईने हात पुसून तो सगळा वाचला आणि घडी घालून परत दिला.

"आता नको गं. तेव्हा फार वाटायचं. दप्तर दोन वर्षं तसंच भरून ठेवलं होतं मी. मग तू शाळेत जायला लागलीस, तेव्हा रिकामं केलं."

ते निळं दप्तर ठकीने चौथीपर्यंत मिरवलं होतं. जुनं म्हणून त्याला नाकंही मुरडली होती.  ती ताईच्या शेजारी बसून मटार सोलू लागली.