चार नंबरच्या खाटेवरचे कुलगुरू

पाच गावांतली पाच कॉलेजं एका आरोग्य विद्यापीठात आणायची, हे कुलगुरूंनी मनावर घेतलं होतं. वैद्यकीय, दंत, औषधनिर्माण, फिजिओथेरपी आणि नर्सिंग. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आणि रुसवाही वेगळा. चौघांची समजूत पटली. अडलं ते टेकडीवरच्या नर्सिंग कॉलेजात. तिथल्या प्राचार्य, म्हणजे मोठ्या बाई, कुलगुरूंच्या सख्ख्या वहिनी. बाहेर त्यांच्या शब्दावर इमारती उभ्या राहत, पण वहिनींपुढे ते अजून धाकटे दीरच होते.

आराखडा सरळ होता. पहिलं वर्ष सगळ्या मुलामुलींनी मुख्य संकुलात काढायचं, शरीररचना आणि जीवरसायन एकत्र शिकायचं. रुग्णाशी गाठ दुसऱ्या वर्षी.

बाईंच्या कॉलेजात रीत उलटी. नवी मुलगी आली की पहिल्याच आठवड्यात तिला रुग्णाचा झगा घालून कॉलेजच्या इस्पितळातल्या वॉर्डात निजवत. दिवसभर उठायचं नाही. वरच्या वर्गातली मुलगी तिचं तोंड पुसणार, तिला भरवणार, कूस बदलून देणार. लाज, राग, कंटाळा सगळं त्या एका दिवसात अंगावरून जाई. पहिलं वर्ष संकुलात गेलं की ही रीत संपणार, याचाच बाईंना घोर लागला होता.

"अहो वहिनी, मग दुसऱ्या वर्षी निजवा की. कोण नाही म्हणतंय?"

"वर्षभर पुस्तकातला माणूस पाहिला की खाटेवरचा दिसेनासा होतो, भाऊजी."

"हे अगदी कीर्तनातलं वाक्य झालं."

"मग कीर्तनाला या. एक दिवस निजा माझ्या वॉर्डात. उठल्यावर तुम्ही म्हणाल तिथे सही करते."

"मला आडवं करायला बरेच जण टपलेत, त्यात आता तुम्ही," कुलगुरू म्हणाले. पण शब्द दिला.

ठरल्या दिवशी चार नंबरच्या खाटेवर ते निजले. झग्याच्या नाड्या पाठीमागे, चष्मा टेबलावर, हाताला लागणार नाही असा. देव माणसाला उताणं निजवतो तेव्हा छत नीट दाखवतो. कुलगुरूंना त्या छताचे सगळे पोपडे पाठ झाले. सूप भरवणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, मोठा आ करा."

"मी आजोबा दिसतो?"

"खाटेवर सगळेच दिसतात. आणि केव्हाची चुळबुळ चाललीय तुमची. भांडं हवंय ना? लाजलात तर त्रास तुम्हालाच."

त्यांनी मुकाट्याने मान हलवली.

दुपारी वैद्यकीय कॉलेजचे प्राध्यापक दर आठवड्याप्रमाणे विद्यार्थी घेऊन इथल्या राउंडला आले. कुलगुरूंचाच हा आवडता शिष्य. चादर खाली ओढून त्याने पोटावर गार हात ठेवला आणि मागे वळून बोलू लागला.

"चार नंबर. यकृत कुठे चाचपायचं बघा. आणि एक लक्षात ठेवा, पोट खरं सांगतं, पेशंट पाल्हाळ लावतो."

कुलगुरू दचकले. हे वाक्य त्यांचंच. कितीतरी वर्षं वर्गात त्यांनी ते म्हटलं होतं, आणि पोरं दर वेळी हसली होती. आताही हसली. मग एकामागून एक हात पोटावर येऊन गेले. एक विद्यार्थिनी मात्र हात लावायच्या आधी थांबली.

"सर, यांना काहीतरी बोलायचंय."

प्राध्यापकांनी प्रथमच उशीकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"सर, तुम्ही? काय होतंय तुम्हाला?"

"हेच आधी विचारायचं होतं रे," कुलगुरू म्हणाले. "तुझी चूक नाही. शिकवणारा तसाच भेटला तुला."

संध्याकाळी कपडे बदलून ते बाईंच्या खोलीत आले. दिल्या शब्दाप्रमाणे बाईंनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. राउंडची बातमी त्यांच्या कानावर आली होतीच, पण त्यांनी विषय काढला नाही.

"थांबा, वहिनी. पहिला आठवडा सगळ्यांचा इथे. डॉक्टर होणारे, दातवाले, औषधवाले, सगळे इथे निजतील. मग संकुलात."

"म्हणजे माझ्या मुली जाणारच."

"जाणार. तुमची प्रयोगशाळा गळते, हे तुम्हालाही माहीत आहे. तिथे त्यांना चांगलं शिकायला मिळेल."

प्रयोगशाळेचं खरं होतं.

"दर शनिवारी मुली वॉर्डात हव्यात मला."

"बस देतो."

"लेखी द्या. घरच्या माणसाचा शब्द मी बाहेर धरत नाही."

कुलगुरूंनी आराखड्याच्या समासात दोन ओळी लिहिल्या. बाईंनी त्या वाचल्या, देवाचं नाव घेतलं आणि खाली सही केली. मग त्यांनी औषधनिर्माणच्या प्राचार्यांना फोन लावून नवी व्यवस्था सांगितली.

"आमच्या मुलांनी निजायचं? गोळ्या बनवणाऱ्यांनी?" पलीकडून आवाज आला.

"गोळ्या उताणं पडून गिळून बघू देत," बाई म्हणाल्या. "सोमवारी मोकळे आहात ना? आधी तुम्हीच या."