पाच श्वास

सुनिवा न्हाणीघरात खोकत होती. एकदा, दोनदा, मग जरा थांबून पुन्हा. बाहेर ऑक्टोबरची बोचरी थंडी, उद्या पोरीला फेरीबोटीच्या धक्क्यावर उघड्यात पडून राहायचं, आणि आता हा खोकला! तोरुनने घाईघाईने काळ्या बेरींचं सरबत गरम केलं आणि पेला दाराशी ठेवला.

"गरम आहे तोवर पी गं. घसा दुखतोय का?"

"नाही. मला खोकला झालेलाच नाहीये."

"मग मघापासून कोण खोकतंय, मांजर?"

"तू जा ना, तोरुन!"

गेली बिचारी. तोरुन. लग्न होऊन या घरात आल्यापासून नुसतं तोरुन. आमच्याकडे मोठ्यांनाही नावानेच हाक मारतात, त्यात वावगं काही नाही. पण आईला कुणी नावाने हाक मारत नाही. सुनिवाची जन्मदाती आई, मारित तिचं नाव, आजारपणात गेली, बाप आस्लाक महिनोन्‌महिने मासेमारीच्या जहाजावर. पोरीच्या वेण्या, डबा, ताप, शाळेतली भांडणं, सगळं तोरुनने मनापासून केलं. पण शाळेच्या फाटकापाशी कुणाही पोराने "आई!" म्हणून हाक मारली की हिची मान वर व्हायची. आणि दर वेळी ते पोर दुसऱ्याच कुणाचं तरी निघायचं. तोंडाने मागायची तिला लाज वाटायची. आणि मागून मिळालेल्या हाकेत काय राम?

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर इस्पितळाची तालीम होती. शाळेच्या सहलीची फेरीबोट धक्क्यावर आदळली आहे, असं धरून चालायचं. शाळेतली खरीखुरी पोरं रंगाचं रक्त लावून, गळ्यात लक्षणांचं कार्ड अडकवून पडून राहतात, आणि परिचारिका नि रुग्णवाहिकेवाले त्यांच्या मनगटाला पट्ट्या बांधत जातात. चालता येतं त्याला हिरवी, थांबू शकतो त्याला पिवळी, ताबडतोब उचलायचा त्याला लाल. आणि ज्याच्यासाठी काही करण्यासारखं उरलं नाही त्याला काळी. तोरुन परिचारिका, पण तिचा सगळा जन्म खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात गेलेला. पोरांचं हे काम तिला नवं होतं.

शिकवायला डॉक्टर हालडिस. बाई वयाने सत्तरीकडे झुकलेली, आवाज मात्र भोंग्यासारखा.

"मोठ्या माणसाची हनुवटी उचलली, तरी श्वास आला नाही, की काळी पट्टी आणि पुढे चला. पोरांचं तसं नाही! पोराचा श्वास आधी थांबतो, काळीज मागाहून. नाडी लागत असेल तर मास्क धरा, पाच श्वास द्या, आणि मगच ठरवा. पाच! डोक्यात कोरून ठेवा."

तोरुनने मान डोलावली. अहो, सगळ्यांनीच डोलावली.

पहिल्याच फेरीत तिची फजिती झाली. एक पोरगा गळा काढून रडत होता. ही धावत गेली आणि त्याला लाल पट्टी बांधून मोकळी. त्याचं नुसतं कोपर खरचटलेलं. त्याच्यामागे एक मुलगी गप्प पडली होती, पोटात रक्तस्राव होत असलेली, ती राहूनच गेली.

"वा, तोरुन!" रुग्णवाहिकेवाला गाउते ओरडला. "कोपराला हेलिकॉप्टर मागवू का?"

सगळे फिदीफिदी हसले. हालडिस हसली नाही. "रडतो त्याच्यात दम असतो. गप्प आहे त्याच्याकडे आधी बघायचं. मन घरी ठेवून ये, बाई."

ते शब्द तोरुनला फार लागले. जेवणाच्या सुट्टीत तपकिरी चीज घातलेले वाफल्स सगळ्यांनी हाणले, तिने आपला तसाच बाजूला सारला. आता कितीही कुणी रडू दे, आपण दगड व्हायचं, असं तिने ठरवून टाकलं.

दुसऱ्या फेरीत दोरखंडांच्या ढिगाआड सुनिवा पडलेली दिसली.

आपलं माणूस आपल्याला नेमून दिलेल्या भागात ठेवायचं नाही असा नियम होता. सुनिवाला पलीकडच्या टोकाला टाकणार होते. मग ही इथे कशी? चेहरा राखेसारखा रंगवलेला, ओठ निळे, डोळे मिटलेले. खोटं आहे हे ठाऊक असूनही तोरुन दोन पावलं अलीकडेच थांबली. मागे गाउते उभा होता, हालडिस बघत होती. आता हिची माया उतू जाणार, असंच सगळ्यांना वाटत असणार.

ती खाली वाकली. हनुवटी उचलली. छाती हलत नव्हती, पोरीने श्वास अगदी रोखून धरला होता. कार्डावर लिहिलं होतं, श्वास नाही. त्याखालची ओळ तिने वाचलीच नाही. तिला तो चेहरा बघवत नव्हता, तिथून पळायचं होतं. तिने मनगटाला काळी पट्टी बांधली, उठली आणि चालू लागली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"मानलं बाई तुला," गाउते हळूच म्हणाला. "पोटच्या पोरीसारखी पोर, आणि काळी पट्टी! आपल्याच्याने नसतं झालं."

तोरुनचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोला, तिला अभिमानही वाटला.

हालडिसची एक रीत होती. तालीम संपली की मोठ्यांनी गप्प बसायचं आणि आधी पोरांनी बोलायचं. मासळीच्या शेडमध्ये सगळे जमले. पोरं घोंगड्यांत गुरफटून सॉसेज खात होती. कुणी म्हणालं, मला पट्टी फार घट्ट बांधली. कुणी म्हणालं, मला कुणी नावच विचारलं नाही. मग सुनिवा उठली.

"मी पाच श्वासांची वाट बघत होते," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं, मास्क लावतील, पाच मोजतील, मग तू खोकायचं. आणि मग आईला हाक मारायची. पण मास्क आलाच नाही. मला वाटलं, ती आणायला गेली असेल. म्हणून मी तशीच पडून राहिले."

गाउतेने मान खाली घातली. हालडिसने सुनिवाच्या गळ्यातलं कार्ड हातात घेऊन वाचलं. आता तिचा आवाज चढला नाही.

"नाडी चालू होती. ही मुलगी जगणार होती, तोरुन. उद्या पुन्हा ये. इथे चुकलं तर सुधारता येतं, म्हणूनच ही तालीम."

पोरांना रंगवून जागा नेमून देणारी, आता त्यांचे चेहरे पुसणारी बोर्गहिल तोरुनला दाराशी गाठून म्हणाली, "माझंच चुकलं गं, मी तिला तुझ्या भागात जाऊ दिलं. बाकी सगळ्या पोरांना रक्ताची कामं हवी होती, हिने हेच मागून घेतलं. चार दिवस खोकायचा सराव केला म्हणे. मी म्हटलं, तोरुनच्या भागात नियमात बसत नाही. तर म्हणते, 'मग मी आई कुणाला म्हणू?'"

ती न्हाणीघरातली खोकल्याची उबळ तोरुनला आठवली, दाराशी ठेवलेला पेला आठवला. त्या बंद दाराआड पोरगी हाकेची तयारी करत होती! आणि आपण काय केलं? चार माणसांत कठोर दिसावं म्हणून पाच श्वासांपुरतंही तिच्यापाशी थांबलो नाही.

गाडीत सुनिवा खिडकीबाहेर बघत बसली होती. तोंडावरचा राखी रंग पुसला होता, कानामागे थोडा राहिला होता. मनगटावरची काळी पट्टी तशीच. फ्योर्डच्या खाडीकाठच्या वळणावर तोरुनने गाडी कडेला घेतली. ती पट्टी सोडवू लागली, गाठ सुटता सुटेना. सुनिवाने हात मुकाट्याने पुढे धरला होता.

"माझं चुकलं गं," तोरुन म्हणाली. तिला रडू आवरेना. "फार चुकलं. सुनिवा, इथेच करूया का परत? मी पाच मोजते. नीट मोजते."

पोर रागावलेली असती तर बरं झालं असतं. ती रागावलेली नव्हती. तिने खिशातून कागदी रुमाल काढून तोरुनच्या हातात दिला, आजारी माणसाला द्यावा तसा.

"राहू दे, तोरुन," ती म्हणाली.