शेजारणीची साक्ष

वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेत मी पास झाले, त्याचं इराणमधल्या आमच्या रश्त शहरात कुणाला फारसं कौतुक नव्हतं. मलाही नव्हतं. ती परीक्षा सोपीच हो! क्रांतीनंतर बंद पडलेली विद्यापीठं पुन्हा उघडली, तेव्हापासून आधी मुलीचं धर्माचरण बघतात, मग गुण. तोंडी परीक्षेत विचारलेलं, प्रेताला अंघोळ कशी घालायची, नमाज कशाने मोडतो, सगळं मी घडाघडा सांगितलं. एकोणीस वर्षांची होते आणि इतकी थकले होते, की ती अंघोळ मलाच कुणी घातली असती तरी हूं की चूं केलं नसतं.

मग उरली गल्लीतली चौकशी. निवड कचेरीची, डोक्यापासून पायापर्यंत काळी चादर ओढलेली बाई शेजारच्या तूबाखानूमकडे गेली आणि आईचा जीव भांड्यात पडला. तूबाखानूमइतकं देवभोळं गल्लीत दुसरं कोण? मला तर तिनेच अंगाखांद्यावर खेळवलेलं.

बाईची पाठ वळताच तूबाखानूम धापा टाकत आमच्याकडे आली.

"गोलनार, पोरी, तुझं सोनं केलं बघ मी! म्हटलं, मुलगी लाखात एक. नमाज चुकवत नाही. आणि हसरी किती! तिचं खळखळून हसणं भिंतीपलीकडून ऐकू आलं, की माझे गुडघे दुखायचे थांबतात."

आई चहा ओतायची थांबली. "हसणं सांगितलंत?"

"मग! रडक्या मुलीला डॉक्टर कोण करतं?"

महिन्याभराने नकार आला. मी कचेरीत जाऊन कारण विचारलं. खिडकीमागची बाई मान वर न करता म्हणाली, "वागण्यात गांभीर्य नाही. आवाज परपुरुषांच्या कानी जातो."

मला रागसुद्धा आला नाही. रागालाही अंगात त्राण लागतं.

आईचा मात्र तिळपापड झाला. "त्या म्हातारीला आज सांगतेच!"

"नको ग आई. हाय खाईल ती."

संध्याकाळी तूबाखानूम केशर घातलेला हलवा घेऊन आलीच. "काय ग, आलं का उत्तर?"

"नाही अजून, खानूम."

"येईल, येईल. मी काही हातचं राखून सांगितलेलं नाही!" तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "हल्ली तुझा आवाज नाही ग येत. म्हातारीसाठी एकदा हस बघू."

मी आईकडे बघितलं. आई उठली, तिने खिडकी घट्ट लावून घेतली, वर पडदाही ओढला.

मग म्हणाली, "हस."