कोतोहाच्या नावाची शेगडी

मी रॉकेलवर जळणारी एक जुनी शेगडी आहे. आता अडगळीच्या खोलीत, बर्फ ओढायच्या फावड्यांमागे पडून असते. पण मित्रांनो, अडकून पडणं मला नवीन नाही. ऐन उमेदीतल्या एका हिवाळ्यात दिवसच्या दिवस मी खोलीच्या मधोमध, पोटात रॉकेल असूनही, थंडगार बसून काढले. तो हिवाळा मला अजून विसरता येत नाही.

कारखान्यात मला घडवलं, पोटात वात बसवली, पुढे काचेची खिडकी लावली. योकोते या आमच्या बर्फाळ गावातल्या दुकानातून चिझुरूने मला घेतलं तेव्हा ऑक्टोबर सरत आला होता. तिचा नुकताच घटस्फोट झाला होता. सहा वर्षांची कोतोहा तिच्याजवळ राहायची आणि मुलीचे वडील, ताकुरो, सेंदाई शहरातून दरमहा तिच्या संगोपनाचे पैसे पाठवायचे. त्यांच्या पहिल्याच हप्त्यातून मी या घरात आले.

घरात आल्या दिवशी माझं काय कौतुक झालं! कोतोहा माझ्यासमोर पालथी पडून ज्योत बघत बसली. चिझुरूने माझ्यावर किटली ठेवली. मुलीला चटका बसू नये म्हणून माझ्याभोवती लोखंडी जाळी उभी केली.

मग चिझुरूने सहज पाठवलेली माझी पावती ताकुरोच्या हाती पडली आणि त्यांचा फोन आला.

"पैसे कोतोहाचे आहेत, तुझे हातपाय शेकायला नाहीत. दरमहा पावत्या पाठव. तुझ्यासाठी एक येन जरी खर्च झालेला दिसला, तर हप्ता बंद."

चिझुरू बरं म्हणाली.

आमच्याकडे मूल पहिलीत गेलं की आई त्याच्या एकेका वस्तूवर नाव चिकटवते. डबा, मोजे, खडू, अगदी गणिताच्या पेटीतला एकेक मणीसुद्धा. कोतोहाच्या नावाच्या पट्ट्या घरात उरल्या होत्या. चिझुरूने त्यातली एक माझ्या कुशीवर लावली. एक रॉकेलच्या लाल डब्यावर, एक तांदळाच्या पिशवीवर. त्या दिवसापासून मी मुलीची झाले आणि आईला परकी.

सकाळी कोतोहा शाळेला निघाली की चिझुरू मला विझवायची. ती घरी बसून शाळेच्या गणवेशांना गुंड्या लावायची. बाहेर कमरेइतकं बर्फ, आत अंगावर ओव्हरकोट आणि पायांवर दुलई. बोटं सुजून लाल व्हायची, सुई हातातून गळायची. जाळीच्या आत मी, जाळीच्या बाहेर ती. कोंडलेल्या मात्र दोघीही. डिसेंबरात दोनदा काम उशिरा गेलं. शिवणाच्या दुकानातल्या बाईंनी सांगून टाकलं की पुढच्या वेळी गणवेश दुसरीकडे देईन. ते काम गेलं असतं तर खोलीचं भाडं कुठून येणार होतं?

जानेवारीत एका दिवशी हिमवादळामुळे शाळा अकरालाच सुटली. कोतोहाने दार सरकवलं. आईच्या तोंडातून वाफ निघत होती.

"शेगडी बिघडली?"

"नाही गं. ती तुझी आहे. तू नसताना कशी पेटवू?"

कोतोहा माझ्याकडे, मग डब्याकडे, मग तांदळाकडे बघत राहिली.

"मग तू कोणाची?"

पोरीने खणातून एक पट्टी काढली, आईच्या कोटाच्या बाहीवर दाबून बसवली आणि म्हणाली, "झालं. आता पेटव."

चिझुरूने मला पेटवलं खरं, पण पावत्यांची भीती काही जाईना. संध्याकाळी ती खालच्या मजल्यावरच्या इनोमाता आजींना वर घेऊन आली. आजी पूर्वी कुटुंब न्यायालयात नवरा-बायकोत तडजोड घडवून आणायला बसत. त्यांनी चष्मा लावून घटस्फोटाचा करारनामा दोनदा वाचला.

"रक्कम आहे, तारीख आहे. पावत्यांचं कुठे आहे यात?"

"पण आजी, पैसे तर मुलीचे ना?"

"मुलीचेच. म्हणून तर भाडं त्यातून जाऊ दे, दिवा, भात, रॉकेलसुद्धा. पोर काय हवेत राहते? उद्या जुगारात उडवलेस तर मीच तुला कोर्टात खेचीन. पण ही बोटं बघ. या बोटांनी तिची वेणी घालणार आहेस?"

चिझुरू हसली आणि हसता हसता रडली.

तिने लगेच ताकुरोला फोन केला. "पावत्या येणार नाहीत. कोतोहा कशी आहे ते विचार, रोज सांगेन. मी उबेत बसले तरच ती उबेत राहील." पलीकडून "बघतो" एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

हप्त्याची तारीख पंचवीस. पंचवीस गेली, सव्वीस गेली. डब्यात तळाशी थोडंच रॉकेल होतं. सत्तावीसच्या सकाळी कोतोहा शाळेला गेली. चिझुरू काडेपेटी हातात धरून माझ्यासमोर बराच वेळ बसली. मला वाटलं, आता परत ठेवणार. मग तिने जाळी बाजूला केली आणि काडी ओढली.

पैसे अठ्ठावीसला आले. पण ते येणार हे काडी ओढताना तिला ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, माझी वात केव्हाच संपली. मला कुणी पुन्हा पेटवावं असा माझा हट्ट नाही. एवढंच मागते, की तुमच्या घरात तुम्हाला ऊब देऊन कुणी स्वतः गारठ्यात बसत असेल, तर त्या माणसाचा हात धरून त्याला जवळ ओढून घ्या. एकट्यालाच ऊब देणं आम्हा शेगड्यांना कधी जमलंच नाही.